काकूच्या नावाच्या कुप्या

४ जानेवारी

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तू हसली असतीस आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर पत्र तिथेच फाडलं असतंस, म्हणून नुसतं ताई. माझा नंबर तू तीन वर्षांपूर्वीच बंद करून टाकलास. भावोजींच्या फोनवरून बोलायचं म्हणजे त्या बिचाऱ्यांना उगाच कात्रीत पकडायचं. राहिलं पोस्ट.

घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाही. म्हणजे मागायचंच आहे, पण अगदी फुटकळ. आधी सांग, टिल्ली कशी आहे? मी शेवटची पाहिली तेव्हा पुढचे दोन दात पडलेले होते आणि 'मावशी'चं 'मावफी' व्हायचं. आता सगळे दात येऊन शहाणी झाली असेल. माझं म्हणशील तर पीएचडी अजून चालू आहे. हो, अजून. पाचवं वर्ष. कोणी विचारलं की मी 'होईलच आता' म्हणते आणि विषय बदलते. त्यात मी पटाईत आहे, तुला माहीतच आहे.

तर काम असं. सोबत एक नळी आहे, तिच्यात कापसाची काडी. ती गालाच्या आतून तीसेक वेळा घासायची, नळीत ठेवायची, झाकण लावायचं, फॉर्म भरायचा आणि पाठवून द्यायची. दुखत नाही. दोन मिनिटांचं काम. कशासाठी, ते सांगत बसले तर पत्र संपायचं नाही. संशोधनाचं आहे एवढंच समज.

काल उगाच आठवलं. बाबांनी मला तुमच्याकडे आणून सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची, आईला जाऊन महिना झालेला. मी दारात पिशवी धरून उभी आणि आत फोन वाजत होता. काकू माझ्याकडे न बघता धावत आत गेली, फोन उचलला, बोलली आणि मग बाहेर येऊन म्हणाली, 'ये गं, फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलावा लागतो, माणूस थांबू शकतं.' टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी तिच्या हाडात मुरली होती. तू तिच्या मागे उभी होतीस, नाक मुरडून. माझ्या पिशवीला भोक होतं ते तू पहिल्यांदा पाहिलंस.

काडी तेवढी पाठव.

— मी

१९ जानेवारी

ताई,

पाकीट परत आलं. न फोडता. वर तुझ्या अक्षरात 'परत'. 'र'ची शेपटी लांब ओढायची सवय गेली नाही तर तुझी!

त्यातलं पत्र यात पुन्हा घातलंय. काडी घातलेली नाही, म्हणजे पाकीट पातळ आहे आणि तुला संशय येणार नाही. बघ, कशी चलाखी. पण पहिल्या पत्रात मी अर्धवट बोलले, आणि अर्धवट बोलणं तुला लांबून कळतं. तेव्हा आता सरळ सांगते.

काकूच्या ऑपरेशनच्या वेळी गाठीचा एक तुकडा मी लॅबमध्ये नेला होता. त्यावरून तू मला जे बोललीस ते मी विसरलेले नाही. 'मरतानाही माझ्या आईला कामाला लावलंस.' त्या तुकड्यातल्या पेशी मी प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत वाढवल्या. आम्ही तिला फ्लास्क म्हणतो. लालसर पाण्यात त्यांचं अन्न असतं, ते दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, आणि बाटली अंगाच्या तापमानाइतक्या उबदार कपाटात ठेवायची. सुरुवातीला त्या इतक्या हळू वाढायच्या की सर म्हणाले, सोड हा नाद. मग एकदम जोमात वाढायला लागल्या. ताई, मी लॅबभर नाचले होते! एका औषधाला त्या दाद देत नव्हत्या, का देत नव्हत्या ते शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. त्याचाच लेख लिहिला, एका नियतकालिकाला पाठवला. त्यांनी सगळं वाचून एकच कागद मागितला. या पेशी ज्या माणसाच्या म्हणता त्याच माणसाच्या आहेत, याची ओळख-चाचणी.

मी हसत हसत नमुना पाठवला. आपल्या घराचा पत्ता कोणी विचारला तर सांगतोच ना, तसा.

निकाल आला. त्या पेशी काकूच्या नाहीत.

त्या एका पुरुषाच्या आहेत. कित्येक वर्षांपूर्वी मेलेल्या, कोणत्या तरी दूरच्या गावातल्या. त्याच्या पेशी जगभरच्या लॅबमध्ये वाढवतात, आमच्याकडेही आहेत. इतक्या वेगाने वाढतात आणि एक थेंब कुठे सांडला तरी तिथे घर करतात, म्हणून आमच्याकडे त्यांना 'घूस' म्हणतात. ही घूस काकूच्या फ्लास्कमध्ये कधी तरी शिरली, आणि काकूच्या पेशी एकेक करून संपल्या. एकदम जोमात वाढायला लागल्या म्हणाले ना, ते काकूचं नव्हतंच. मी नाचले ती कशावर, सांग आता.

कप्पाळ माझं. तीन वर्षं सकाळी आल्या आल्या मी त्या फ्लास्कला म्हणत होते, 'काय काकू, आज कशी तब्येत?' लॅबमध्ये सगळे हसायचे, पण मी रोज विचारायचे. ते मी कोणाला विचारत होते? त्या बाप्याला? त्याचीही कोणी तरी पोर असेल, तिला ठाऊक तरी असेल का? माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. रडू येत नाही, राग कोणाचा करायचा ते कळत नाही, आणि सवयीने काल सकाळी मी पुन्हा 'काय काकू' म्हटलं आणि जीभ चावली.

लॅबच्या गोठवणीच्या टाकीत अजून काही कुप्या ठेवलेल्या आहेत, काकूच्या नावाच्या. त्यातल्या एखादीत ती असेलही. पण असली तरी ते सिद्ध कशावरून करायचं? हॉस्पिटलची ती जुनी इमारत पाडली, तिथले नमुने कुठे गेले कोणालाच पत्ता नाही. मुलीच्या पेशींशी ताडून बघता येतं. डीएनएमधल्या प्रत्येक खुणेतली अर्धी आईकडून आलेली असते.

माझ्या पेशींचा उपयोग नाही. ते तुला सांगायला नको.

— मी

२ फेब्रुवारी

ताई,

भावोजींचा दोन शब्दांचा मेसेज आला. 'वाचते. ठेवते.' त्यांना रागावू नकोस. मी तो मेसेज दिवसभर उघडून बघत होते.

सरांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. मग म्हणाले, "लेख मागे घ्यावा लागेल." मी म्हटलं, हो. "प्रबंध पण." मी म्हटलं, हो. मग ते एकदम खूश होऊन म्हणाले, "अगं पण तू तर पेशंटची मुलगी! मी इतका वेळ काय विचार करतोय? तुझीच काडी घे, आजच पाठवू."

फाईलमधला संमतीचा कागद त्यांनी काढला होता. साक्षीदाराची सही, नातं: मुलगी.

मी म्हटलं, "सर, मी मुलगी नाही." सर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच कोणाच्या तरी फ्लास्कमधून निघालेय. मग सगळं सांगावं लागलं. आई, बाबा, पिशवी. ते 'अच्छा, अच्छा' म्हणत राहिले.

तो कागद तुलाही माहीत आहे. काकू गेली त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या फाईलमध्ये तुला सापडला. तुला वाटलं मी तिला फसवून सही घेतली. ताई, शपथेवर सांगते, नाही. तिने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मला तीन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर मला आलं नाही. मग म्हणाली, 'घे बाई, नाही तर टाकूनच देणारेत.' माझी सही करायची वेळ आली आणि नात्याच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. ती म्हणाली, 'कसला विचार करतेस? मुलगी लिही आणि मोकळी हो, मला भूक लागलीये.' म्हणून लिहिलं. चोरून नाही लिहिलं.

आणि तू तो कागद माझ्या तोंडासमोर धरून म्हणालीस, 'मुलगी ना? मग फोन का नाही उचललास?'

मी म्हटलं, सायलेंटवर होता.

असो. आताचं सांगते. टाकीत काकूच्या नावाच्या सात कुप्या आहेत, करंगळीच्या पेराएवढ्या, उणे एकशे शहाण्णववर गोठलेल्या. सरांचं म्हणणं, मार्चअखेर टाकी साफ करायची, ज्यांची ओळख सिद्ध नाही त्या सगळ्या कुप्या फेकायच्या. नियम आहे आणि तो बरोबरच आहे, अशाच कुप्यांनी लोकांची आयुष्यं वाया जातात. माझं गेलंच की. पण त्यात जर काकू असेल तर ती कचऱ्यात जाणार, आणि तिच्याबरोबर माझी पाच वर्षं. ती सिद्ध झाली तर पहिल्यापासून सुरू करता येईल. मी कोणत्या गोष्टीसाठी जास्त तडफडतेय ते मला सांगता येत नाही. प्रामाणिकपणे सांगते, कधी कधी प्रबंधासाठी.

घूस शिरली कशी, तेही समजलंय मला. आमच्याकडे एक मुलगी आहे, येऊन किती तरी दिवस झाले तरी तिला सगळे नवीच म्हणतात. तिचा हात गचाळ. मागे तिने झाकणं अदलाबदल केली होती. काल मी तिला सगळ्यांदेखत झाडली. 'तुझ्यामुळे माझी काकू गेली' असं म्हणाले, मग ते वाक्य माझ्याच कानावर पडलं. ती रडत बाहेर गेली. तिचंच आहे काम, दुसरं कोण करणार?

सोबत पुन्हा नळी आणि फॉर्म पाठवतेय. या वेळी पाकीट जाड आहे. चलाखी नाही.

— मी

१० फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितेय.

सातही कुप्या तपासल्या. वितळवाव्या लागत नाहीत, वरचा बर्फ जरासा खरवडला तरी पुरतो. जुन्या तारखेपासून लावल्या तर पहिल्या तीन घूस नाहीत. बाईच्या आहेत, एकाच बाईच्या. पुढच्या चार घूस. तिसरी आणि चौथी यांच्यात तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांतच काय ते झालं.

तेव्हा नवी इथे नव्हती. ती नंतर सात महिन्यांनी आली. मी तिच्या टेबलापाशी गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या ताई, मला वाटलं खरंच मीच केलं असेल. मी दोन दिवस आठवत होते." ती मला ताई म्हणते. माझं तोंड काळं व्हायचं तेवढं बाकी होतं.

मग मी टाकीकाकांकडे गेले. टाकी, गॅस, चाव्या आणि सगळी रजिस्टरं त्यांच्या ताब्यात असतात. जिथे आम्ही पेशी हाताळतो ती काचेची पेटी आहे ना, आम्ही तिला हूड म्हणतो, तिच्याशेजारी दोरीला रजिस्टर लटकवलेलं असतं. कोणी, कोणत्या पेशी, किती वाजता, हे तिथे लिहायचं. तीन वर्षांपूर्वीचं मागितल्यावर काका कपाटावरची धूळ झटकत म्हणाले, "मी एकही रजिस्टर रद्दीत देत नाही. तीन-चार वर्षांनी कोणी ना कोणी रडत येतंच." मी म्हटलं, मी रडत नाहीये. ते म्हणाले, "अजून पान नाही उघडलं."

पान सापडलं.

आता लिहवत नाही. उद्या लिहिते. हे पत्र मात्र आजच टाकते, म्हणजे उद्या मला पळता येणार नाही.

— मी

११ फेब्रुवारी

ताई,

फोन सायलेंटवर नव्हता.

बस, लिहिलं. आता बाकीचं.

तो गुरुवार होता. आदल्या दिवशी मी काकूपाशी होते, डॉक्टर म्हणाले होते आठवडाभर काही नाही, आणि तू म्हणालीस, जा तू, काम कर, मी आहे. म्हणून मी आले. लॅबमध्ये दोन कामं होती. काकूच्या पेशींचं अन्न बदलायचं होतं आणि सरांसाठी घुशीचं. नियम असा की आधी नाजूक पेशी, घूस सगळ्यात शेवटी. प्रत्येकीची अन्नाची बाटली वेगळी. मध्ये सगळं स्पिरिटने पुसून पंधरा मिनिटं थांबायचं. मी नव्या पोरांना हे शिकवते. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

पण सरांना घूस आधी हवी होती, म्हणून मी ती आधी घेतली. तेवढ्यात मागच्या टेबलावर फोन थरथरायला लागला. हातात मोजे, हात हूडमध्ये. मान वळवून बघितलं तर तुझं नाव. बंद झाला. परत सुरू. परत.

तू असा लागोपाठ फोन कधी करत नाहीस. एकदा करतेस आणि मग चिडून बसतेस. त्यामुळे मला कळलं होतं, ताई. दुसऱ्याच फोनला कळलं होतं. मोजे काढायला किती वेळ लागतो? पाच सेकंद. मी नाही काढले. उचलला की ती गेलेली असणार होती. नाही उचलला तर अजून हॉस्पिटलमध्ये झोपलेली होती, आणि इथे माझ्यासमोर फ्लास्कमध्येही होती. मला वाटलं, तिचं एवढं अन्न बदलते आणि मग उचलते. तिला उपाशी ठेवून कशी जाऊ? हे असं शब्दाशब्दाने मनात आलं. आता वाचताना वेड लागल्यासारखं वाटतं, पण तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

फोन वाजत राहिला. अकरा वेळा. एका एक्स्चेंजवालीच्या घरात वाढलेली मी, आणि अकरा वेळा वाजू दिला.

रजिस्टरमध्ये आहे: घूस, अकरा वाजून पाच. काकू, अकरा वाजून दहा. माझं अक्षर. पाच मिनिटांत मी घूस बाजूला ठेवली, पुसलं नाही, थांबले नाही, समोर होती ती बाटली उघडली आणि तीच काकूच्या फ्लास्कमध्ये ओतली. ती घुशीची बाटली होती. कुपी चौथी त्यानंतर पंधरा दिवसांनी गोठवलेली.

म्हणजे काकूपाशी यायचं सोडून मी तिच्या पेशी सांभाळत बसले, आणि त्याच दहा मिनिटांत त्याही घालवल्या. मी दोन्हीकडून गेले. नवीला झाडली, तुझ्याशी खोटं बोलले आणि तीन वर्षं रोज सकाळी एका परक्या माणसाची तब्येत विचारली.

तू तिथे एकटी होतीस. माझा सगळ्यात मोठा गुन्हा तो. मी तिची मुलगी होते की नव्हते ते मला खरंच माहीत नाही, पण तुझी बहीण होते आणि तुला एकटीला ठेवलं.

काडी पाठवू नकोस हवं तर. मी हे काडीसाठी लिहिलं असं तुला वाटेल, आणि थोडं त्यासाठीही असेल. माझंच मला कळत नाही. कुप्या मार्चअखेर जातील. सर म्हणतात घुशीवरचंच काही तरी जोडून छोटी पदवी घेऊन बाहेर पड. बघू.

टिल्लीला काही सांगू नकोस. मावफी बरी आहे म्हण.

— मी

२४ मार्च

ताई,

पाकीट मिळून तीन आठवडे झाले. तेव्हाच लिहायला हवं होतं, पण निकाल आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझी नळी मी स्वतः उघडली नाही. माझ्या हातावर माझा विश्वास नाही. काकांनी आणि नवीने मिळून ती पाठवली, मी दारात उभी राहून बघत होते. नवी मला म्हणाली, "ताई, श्वास घ्या."

तू पत्र लिहिलं नाहीस, नुसता फॉर्म. हरकत नाही. फॉर्म मी इतक्या वेळा वाचलाय की काका म्हणाले, "झेरॉक्स काढून देऊ का उशीखाली ठेवायला?"

काल दुपारी चाचणीवाल्या बाईंचा फोन आला. वाजला तेव्हा मी हूडमध्ये होते. मोजे काढले आणि दुसऱ्या रिंगला उचलला.

त्या म्हणाल्या, पहिल्या तीन कुप्या जुळल्या. पंधराच्या पंधरा खुणांत अर्धी तुझी. ती काकू आहे, ताई. तीन कुप्यांत ती आहे. मला वाटलं होतं मी आनंदाने ओरडेन. मी नुसती खाली स्टुलावर बसले आणि त्यांना म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "एक अडचण आहे. फॉर्ममध्ये पेशंटची अपत्यं या रकान्यात 'दोन मुली' लिहिलंय. नमुना एकीचाच आलाय. दुसरीचाही पाठवलात तर अहवाल आणखी पक्का होईल."

मी म्हटलं, "दुसरीचा जुळणार नाही."

"म्हणजे? मग फॉर्म चुकीचा भरलाय का? दुरुस्त करून पाठवा, तसा अहवाल देता येणार नाही."

मी म्हटलं, "फॉर्म बरोबर आहे."

त्यांनी कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं, मी शेरा लिहिते." काय शेरा लिहिला तो मी अजून बघितलेला नाही. मला भीती वाटते.

आता फॉर्मच्या कडेला तू जे लिहिलंस त्याचं. 'अकरा नाही. चौदा केले होते.' वाचून मी आधी हसले, मग दिवसभर जेवले नाही. तीन मी ऐकलेही नाहीत, किंवा ऐकून मोजले नाहीत. ते तीन मला आयुष्यभर पुरतील. तू माफ केलंस असं मी धरत नाही. माफ करणारं माणूस असं मोजून दुरुस्त करत नाही. पण न वाचणारंही करत नाही, एवढं मी शिकलेय.

आणि त्याखाली, 'उघड. पण आधी कळव.' म्हणून कळवतेय.

एक कुपी वितळवायची ठरलीये. दोन तशाच राहतील, त्यांना कोणी हात लावायचा नाही, सरांनी तसं लिहून दिलंय. प्रबंध पहिल्यापासून. सर म्हणतात दोन वर्षं, म्हणजे तीन. आणि तीन वर्षांपूर्वी गोठवलेल्या, आधीच मंद पेशी. उठतील का, कोणालाच सांगता येत नाही. कदाचित आठवडाभर फ्लास्कच्या तळाशी काहीच दिसणार नाही आणि मी काचेत डोळे घालून बसेन. उठल्या तर मी त्यांना काय म्हणायचं, तेही ठरत नाही. 'काय काकू' म्हणायची हिंमत होत नाही. आता तर ती खरंच आहे.

मी पुढच्या सोमवारी सकाळी अकराला उघडणार. तोवर हे पत्र तुला मिळेल. हूडमध्ये त्या दिवशी दुसरं काही नसेल, घुशीला काकांनी कपाटात कुलूप घातलंय. हात आत असताना मला फोन घेता येत नाही, म्हणून तो काकांच्या हातात देणार आहे, आवाज पूर्ण मोठा करून. त्यांना सांगितलंय, ताईचं नाव दिसलं की तिसऱ्या रिंगची वाट बघायची नाही.

माझा नंबर तोच आहे.

— मी